‘टाकाऊपासून टिकाऊ’ : पॅलेटच्या पुनर्वापराची एक चिकित्सा

प्रस्तावना

कारखान्यातून निघालेला माल ग्राहकाच्या दारापर्यंत ज्या वस्तूवर बसून प्रवास करतो, त्या वस्तूकडे ग्राहकाचे लक्ष सहसा जात नाही. लाकडी फळ्या आणि ठोकळे खिळ्यांनी जोडून केलेली ही एक ओबडधोबड बैठक असते. मधल्या पोकळीत फोर्कलिफ्टचे दोन दाते शिरावेत आणि वरचा माल एका उचलीत हलावा, एवढ्याच हेतूने ती बनवलेली असते. मराठीत तिला स्वतंत्र नाव पडलेले नाही. बंदरात, गोदामात आणि औद्योगिक वसाहतीत तिला ‘पॅलेट’ असेच म्हणतात. चित्रकाराच्या रंगपाटीसाठीही मराठीत हाच शब्द याच लेखनाने रूढ आहे. गोदामातील पॅलेट कलादालनात येऊन पोहोचल्यावर या योगायोगाला थोडा विनोदी अर्थ प्राप्त झाला आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खुर्च्या, पलंग, उपाहारगृहांच्या भिंती, नाट्यगृह, निर्वासितांसाठी घरे, उत्सवमंडप अशा नाना रूपांत पॅलेटचा पुनर्वापर झाला. या निर्मितीचे कौतुक जवळजवळ एकाच सूत्राने केले जाते. मराठी वाचकाला ते सूत्र शालेय कार्यानुभवाच्या तासापासून परिचित आहे : टाकाऊपासून टिकाऊ. प्रस्तुत लेखात या सूत्राची पॅलेटच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. पॅलेट बहुधा टाकाऊ नसते आणि त्यापासून झालेली कृती बहुधा टिकाऊ नसते. असे असताना या निर्मितीचे मोल कोणत्या निकषावर ठरवावे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यविचाराचा नाही. पॅलेटच्या घरांची शिफारस ज्यांच्यासाठी केली जाते ती माणसे बेघर, निर्वासित वा आपद्ग्रस्त आहेत, आणि म्हणूनच कौतुकाआधी काही हिशेब पाहणे आवश्यक ठरते.

पॅलेट टाकाऊ आहे काय?

पॅलेटचा प्रसार फोर्कलिफ्टच्या बरोबरीने झाला. १९३१ मधील अमेरिकेतील एक नोंद वारंवार उद्धृत केली जाते. रेल्वेच्या डब्यांतून आलेली डबाबंद मालाची १३,००० खोकी सुटी उतरवायला तीन दिवस लागले. तोच माल पॅलेटवर आला तेव्हा चार तास पुरले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी पुरवठ्याच्या निमित्ताने ही पद्धत समुद्रापार गेली. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे सोडलेल्या मालहाताळणीच्या साहित्याची व्यवस्था पाहण्यासाठी तेथील सरकारने एक यंत्रणा उभारली. ‘चेप’ या नावाने पुढे जगभर ओळखली गेलेली कंपनी हे त्याच यंत्रणेचे रूपांतर होय. १९५८ मध्ये ती ‘ब्रॅम्बल्स’ या खाजगी उद्योगाकडे गेली. तिची निळ्या रंगाची पॅलेट आजही विकली जात नाहीत. ती भाड्याने दिली जातात, परत घेतली जातात, दुरुस्त करून पुन्हा पाठवली जातात.

युरोपातील व्यवस्था वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचली. तेथील रेल्वे प्रशासनांनी १९६१ मध्ये एक समान पॅलेट मान्य केले. लांबी १,२०० मिलीमीटर, रुंदी ८०० मिलीमीटर, अकरा फळ्या, नऊ ठोकळे आणि अठ्ठ्याहत्तर खिळे. माप सर्वत्र एकच असल्यामुळे भरलेले पॅलेट द्यायचे आणि त्याच्या बदल्यात रिकामे घ्यायचे, असा विनिमय शक्य झाला. एखादी फळी मोडली तर तेवढीच बदलायची, हा त्या व्यवहाराचा भाग आहे. भंगाराच्या दुकानात किंवा रस्त्याच्या कडेला दिसणारे पॅलेट हे या साखळीतून निसटलेले असते. काही वेळा ते खरोखरच एकदाच वापरण्याच्या हलक्या प्रतीचे असते. काही वेळा मात्र ते कोणाच्या तरी मालकीचे असते आणि ‘सापडले’ या शब्दाआड ही मालकी नाहीशी केली जाते. पॅलेटवर प्रक्रिया करणारा कलावंत आपण कचऱ्यातून लाकूड वाचवले असे म्हणतो, तेव्हा ते लाकूड कोणत्या साखळीतून बाहेर पडले, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. दुरुस्त होऊन आणखी काही वर्षे मालाखाली चालू शकले असते असे पॅलेट फोडून त्याचे शोभेचे टेबल केले, तर पुनर्वापर वाढला की घटला? उत्तर दर वेळी एकच असणार नाही. पण हा प्रश्न बहुतेक प्रदर्शन-पुस्तिकांत उपस्थितच होत नाही.

पॅलेटच्या ठोकळ्यावरील शिक्का हा याहून महत्त्वाचा पुरावा आहे. कच्च्या लाकडातून किडी आणि सूत्रकृमी देशोदेशी जातात. पूर्व आशियातील लांब मिशांचा एक भुंगा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडांत आढळला आणि तो मालाच्या लाकडी वेष्टनातून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. अशा अनुभवांतून २००२ मध्ये वनस्पतिसंरक्षणाचा पंधराव्या क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय मानदंड स्वीकारला गेला. त्यानुसार लाकडाचा गाभा सलग ३० मिनिटे ५६ अंश सेल्सियसला तापवावा लागतो किंवा लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी द्यावी लागते. गव्हाच्या कणसाची खूण, देशाचे दोन अक्षरी चिन्ह, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची आद्याक्षरे, ‘एचटी’ अथवा ‘एमबी’, अशी मुद्रा लाकडावर उमटवली जाते. मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करणारे असल्यामुळे माँट्रियल करारान्वये त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर थांबवण्यात आला. तथापि निर्यातीपूर्वीच्या धुरीकरणाला त्या करारातून सूट आहे. युरोपीय संघाने २०१० पासून तेही बंद केले.

इतिहासाचा अभ्यासक जशी ताम्रपटाच्या शेवटची मुद्रा पाहतो, तशी पॅलेटची ही मुद्रा पाहिली पाहिजे. कोणते पॅलेट माणसाच्या निजण्या-बसण्याच्या जागी आणू नये, हे तीच सांगते. घरगुती सामानासाठी लाकूड घासताना पहिल्याच रंध्याला नाहीशी होते तीही हीच मुद्रा. लाकडावर आधी काय सांडले होते, रसायन की मासळी की काहीच नाही, याची नोंद तर कोठेच नसते. लाकडाच्या रेषांचे, खिळ्यांच्या काळ्या डागांचे रसभरीत वर्णन करणाऱ्या लेखनात या साध्या गोष्टीला एखादे वाक्यही मिळू नये, हे खटकते.

खोक्याची खुर्ची

पॅलेटच्या फर्निचरला मागचा वारसा आहे. डच वास्तुकार खेरिट रीटफेल्ड याने मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खोक्यांसाठी वापरतात तसल्या साध्या लाकडाच्या फळ्यांची खुर्ची तयार केली. ‘मेट्झ अँड कंपनी’ या दुकानातून ती सुट्या भागांत विकली जाई आणि ग्राहकाने ती घरी जोडायची असे. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. रीटफेल्डने फेकलेली खोकी गोळा केली नव्हती. त्याने खोक्याच्या लाकडाची प्रत आणि खोके ठोकण्याची पद्धत उचलली. स्वस्त लाकूड, सरळ काप आणि उघडा सांधा यांत लाजण्यासारखे काही नाही, हे त्याला दाखवायचे होते. इटालियन डिझाइनकार एन्झो मारी याने १९७४ मध्ये हाच विचार पुढे नेला. साध्या फळ्या आणि खिळे यांतून घरच्या घरी बनवता येईल अशा फर्निचरचे आराखडे त्याने पुस्तिकेच्या रूपाने केवळ टपालखर्चात दिले. कारखानदार आणि व्यापारी सोडून कोणीही ते वापरावेत, अशी त्याची अट होती. माणसाने स्वतः एक टेबल ठोकून पाहिले की दुकानातील टेबलाकडे पाहण्याची त्याची नजर बदलते, अशी त्यामागची भूमिका होती.

‘स्टुडिओमामा’ या नावाने लंडनमध्ये काम करणारी डॅनिश डिझाइनकार निना टोल्स्ट्रप हिची पॅलेटची खुर्ची या परंपरेत बसते. तिने खुर्चीऐवजी खुर्चीचा आराखडा विकला. पॅलेट शोधणे, फोडणे आणि जोडणे हे घेणाऱ्याकडे सोपवले. हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण त्यात मुख्य खर्च कोठे आहे हे लपत नाही. तो खर्च श्रमाचा असतो. पॅलेटचे खिळे पिळाचे किंवा खाचांचे असतात, ते सहजी निघू नयेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. पहार घालून फळी उचकटताना तिचे टोक चिरते, अंबुराने खिळा ओढताना त्याचे डोके तुटते, आणि लाकडात राहिलेला तुकडा पुढे रंध्याचे पाते खातो. एक चांगली फळी मिळण्यासाठी किती वेळ गेला, याचा हिशेब मांडला तर ‘फुकटचे लाकूड’ हा शब्दप्रयोग टिकत नाही. पुणे-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यांत आयात मालाबरोबर येणारे पाइनचे लाकूड भंगाराच्या वखारींत जाते, तेथे खिळे काढून फळ्या वेगळ्या केल्या जातात आणि मग त्या सुताराकडे पोहोचतात. तयार वस्तूवर ‘पुनर्वापर’ अशी पाटी लागते, तेव्हा ती उपाहारगृहाच्या मालकाच्या पर्यावरणनिष्ठेची खूण मानली जाते. खिळे काढणाऱ्याचा तिच्यात उल्लेख नसतो.

या ठिकाणी अमेरिकी शिल्पकार लुइस नेव्हल्सन हिचे स्मरण उपयुक्त ठरेल. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून तिने लाकडाचे तुकडे, खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे खांब, खोक्यांचे भाग गोळा केले, ते कप्प्या-कप्प्यांत रचले आणि संपूर्ण रचनेला एकच काळा रंग दिला. १९५८ मधील ‘स्काय कॅथीड्रल’ ही तिची भिंतीएवढी कृती प्रसिद्ध आहे. त्या काळ्या रंगाने प्रत्येक तुकड्याचा पूर्वेतिहास पुसला जातो आणि उरतात छाया, कडा, खोली. नेव्हल्सनने कचरा कमी केल्याचा दावा केला नाही, त्यामुळे तिच्या कृतीला तो निकष लावण्याचे कारण नाही. पॅलेटच्या बहुसंख्य कलाकृतींची अडचण नेमकी उलटी आहे. त्यांना लाकडाचा पूर्वेतिहास दिसायला हवा असतो, कारण त्यांचे नैतिक वजन त्याच्यावर उभे असते. पण तो तपशिलात सांगायची त्यांची तयारी नसते. अर्धवट खरवडलेला रंग, मुद्दाम ठेवलेला गंजका खिळा, फळीवरील अक्षरांचा तुटका अवशेष एवढ्यावर भागवले जाते. अलीकडे तर जुनकट दिसावी म्हणून नवी फळी काळवंडवूनही विकतात. तेथे पुनर्वापर संपून पुनर्वापराचा मुखवटा सुरू होतो.

निवाऱ्याचा प्रस्ताव

पॅलेटच्या वास्तूंपैकी सर्वाधिक चर्चा झालेली कृती म्हणजे न्यूयॉर्कच्या ‘आय-बीम डिझाइन’ या संस्थेचे ‘पॅलेट हाउस’. अझिन वाली आणि सूझन वाइन्स या तिच्या वास्तुकार. कोसोव्होतील युद्धानंतर, १९९९ मध्ये, परतणाऱ्या विस्थापितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी एक स्पर्धा झाली आणि तिच्या निमित्ताने हा प्रस्ताव आला. त्यामागील तर्क लक्षवेधी आहे. आपत्तीच्या ठिकाणी धान्य, औषधे, कपडे पॅलेटवरच येतात. माल उतरल्यावर ती तेथेच पडून राहतात. तर मग त्यांचेच घर का करू नये? सुमारे १०० पॅलेटमध्ये सुमारे २५० चौरस फुटांचे घर होते, हत्यारे मोजकीच लागतात आणि चार-पाच माणसे ते थोड्या दिवसांत उभे करू शकतात. पोकळीत माती, दगड, गवत, जे हाताशी असेल ते भरावे आणि कालांतराने त्यावर गिलावा करून घर पक्के करावे, अशी कल्पना आहे. मदतीच्या साहित्याला वाहनाऐवजी वस्तीचा पाया मानणारी ही कल्पना खरोखरच चांगली आहे, आणि तिच्यावरील आक्षेप हे मान्य करूनच घ्यावे लागतात.

या घराची ख्याती मात्र वस्तीपेक्षा प्रदर्शनातून अधिक झाली. २००८ मध्ये मिलानच्या त्रिएनाले संस्थेत आणि २०१० मध्ये लंडनला तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने भरलेल्या उद्यान-महोत्सवात ते उभे होते. राजघराण्याच्या हिरवळीवर निर्वासिताचे घर पाहायला लोक रांगेने जातात, या दृश्यातील विसंगती कोणाही संवेदनशील निरीक्षकाला जाणवेल. अमेरिकेत वर्षाला किती पॅलेट निकामी होतात आणि तेवढ्यांत जगातील किती निर्वासितांना छप्पर मिळेल, असे हिशेबही त्या काळात मांडले गेले. या गणितात एक गफलत आहे. पॅलेट जेथे मुबलक साचतात ती ठिकाणे म्हणजे बंदरे, महामार्ग आणि मोठी बाजारपेठ. बेघर माणूस बहुधा तेथून फार दूर असतो. रिकामी पॅलेट समुद्रापार न्यायची, तर त्यांच्या स्वस्तपणाचा आधारच जातो.

व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातील ग्रेगोर पिल्स आणि आंद्रेआस क्लाउस श्नेट्झर या विद्यार्थ्यांचे ‘पॅलेटनहाउस’ अधिक अभ्यासू आहे. ८०० युरोपीय पॅलेट आणि ६० चौरस मीटर जागा. या प्रकल्पाला शाश्वत वास्तुरचनेच्या युरोपीय विद्यार्थी स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि २००८ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या वेळी तो मांडला गेला. पॅलेटची पोकळी हा दोष न मानता तीत उष्णतारोधक भराव आणि वाहिन्या बसवणे ही त्यातील मर्मदृष्टी होय. पुढे हीच जोडी जोहान्सबर्गजवळील मागागुला हाइट्स या वस्तीत गेली आणि तेथे स्थानिक पॅलेटची कमानदार छताची वास्तू उभी राहिली. तेथे काच, कोरडा भराव आणि युरोपीय माप यांची सोय नव्हती. माती आणि गवत यांनी ते काम करावे लागले. प्रदर्शनातील घर वस्तीत नेताना त्याचे रूप बदलावे लागते, हे ज्यांनी स्वतः पडताळून पाहिले त्यांच्यात या दोघांची गणना करावी लागेल. प्रस्तुत विषयावरील लेखनात व्हेनिसच्या छायाचित्रांना जेवढी जागा मिळते, तेवढी मागागुला हाइट्सला मिळत नाही.

येथे महाराष्ट्रातील एका परिचित वास्तूचा विचार अप्रस्तुत ठरणार नाही. गावोगावच्या बसस्थानकाबाहेर, न्यायालयाच्या आवारालगत पान, चहा, झेरॉक्स यांची जी ठेले-दुकाने असतात त्यांना ‘खोकी’ म्हणतात आणि चालवणाऱ्याला ‘खोकेधारक’. मालाच्या खोक्याचे नाव दुकानाला मिळाले. यातली बरीचशी आता पत्र्याची झाली असली, तरी वेष्टनाच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे आणि जुने फलक यांच्या जोडकामातून घर आणि दुकान उभारण्याची विद्या या समाजाला डिझाइनच्या अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. वर्तमानपत्रांत या वास्तूचा उल्लेख ‘अतिक्रमण’ या शीर्षकाखाली येतो आणि नगरपालिकेच्या मोहिमेत ती जेसीबीने उचलली जाते. त्याच शहरातील उपाहारगृहात पॅलेटची भिंत उभी राहिली, तर तिचे छायाचित्र पुरवणीत छापले जाते. दोन्ही ठिकाणी लाकूड एकाच वखारीतून आलेले असू शकते. फरक जागेवरील हक्काचा आहे, आणि पॅलेटचे घर सुचवणारी एकही रचना या हक्काबद्दल काही बोलत नाही. निर्वासिताला भिंत कशाची करावी हे कळत नसते म्हणून तो उघड्यावर असतो, असे थोडेच आहे?

सुरक्षिततेचा मुद्दाही टाळता येत नाही. पॅलेटच्या थप्पीत लाकूड पातळ आणि मधे हवा खेळती, त्यामुळे ती झपाट्याने पेटते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकांत रिकाम्या पॅलेटच्या साठ्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ‘घोस्ट शिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामात आग लागून ३६ जणांचा मृत्यू झाला. परवडणारी जागा नसल्यामुळे कलावंतांनी तेथे वस्ती केली होती. संगीताच्या कार्यक्रमासाठी लोक वरच्या मजल्यावर जमले होते आणि तेथून उतरण्याचा एक जिना पॅलेटच्या लाकडांत कसाबसा रचलेला होता. त्या दुर्घटनेचा दोष पॅलेटवर टाकणे चुकीचे होईल. विजेची जोडणी, बाहेर पडण्याच्या वाटा, परवाने अशा अनेक गोष्टी तीत गुंतल्या होत्या. तरीही जोडकामाच्या वास्तूतील मोकळेपणावर लिहिणाऱ्याने तो जिना विसरून लिहू नये.

उसने लाकूड

उरतो प्रश्न टिकाऊपणाचा. पॅलेटचे लाकूड सहसा मऊ, न मुरवलेले असते. जमिनीशी टेकले आणि पावसात राहिले की ते लवकर खचते. पॅलेटच्या बांधकामांची छायाचित्रे उद्घाटनाच्या आठवड्यातील असतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतरचे छायाचित्र मिळणे दुर्मिळ, आणि वाळवीच्या कोकणात तर ते फारसे आश्वासक नसेल. यातून दोन मार्ग निघतात : एक तर लाकडाला रसायने, लेप आणि आवरणे चढवून ते टिकवायचे, किंवा ते टिकणार नाही हे गृहीत धरूनच रचना करायची. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या कृती समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी आहेत.

जगातील सर्वांत उंच पॅलेट-रचना तर जाळण्यासाठीच रचल्या जातात, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ११ जुलैच्या रात्री प्रॉटेस्टंट वस्त्यांतून होळ्या पेटतात. २०२२ मध्ये लार्न गावातील क्रेगीहिल येथील होळी ६० मीटरहून उंच होती. आठवडेच्या आठवडे खपून, कोणत्याही वास्तुकाराविना हजारो पॅलेटचा तो मनोरा उभा राहतो. त्याचे राजकारण कटू आहे आणि त्याचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. पण पॅलेट रचण्याचे कौशल्य सद्भावनेची मक्तेदारी नव्हे, याचे ते स्मरण देते.

जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे २००५ च्या जागतिक स्की स्पर्धेच्या वेळी माथियास लोबरमान याने सुमारे १,३०० पॅलेटचा मंडप उभारला. पॅलेट न फोडता एकावर एक रचून ताणाच्या सळ्यांनी जमिनीशी आवळलेली ही रचना प्रसंग संपल्यावर उतरवता येईल अशीच योजलेली होती. आइंडहोवेन येथील २०१७ चा ‘पीपल्स पॅव्हिलियन’ पॅलेटचा नव्हता, परंतु त्याने हाच विचार टोकाला नेला. त्याचे जवळजवळ सर्व साहित्य पुरवठादारांकडून आणि नागरिकांकडून उसने आणले होते. खिळा, स्क्रू, गोंद न वापरता ते पट्ट्यांनी बांधले होते, कारण सर्व वस्तू होत्या तशा परत करायच्या होत्या.

या दृष्टीने न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चचा ‘पॅलेट पॅव्हिलियन’ ही या साऱ्या परंपरेतील सर्वांत परिपक्व कृती मानावी लागते. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात त्या शहरात १८५ माणसे दगावली आणि नंतरच्या पाडकामात शहराच्या मध्यभागी मोकळ्या जागाच जागा उरल्या. आधीच्या, सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर स्थापन झालेली ‘गॅप फिलर’ ही संस्था अशा रित्या भूखंडांवर तात्पुरते सार्वजनिक उपक्रम करीत असे. पाडलेल्या एका हॉटेलच्या जागी तिने स्वयंसेवकांच्या हातांनी ३,००० हून अधिक निळी पॅलेट रचून खुले सभागृह उभारले. डिसेंबर २०१२ मध्ये ते सुरू झाले. संगीत, चित्रपट, बाजार, सभा यांना शहरात जागा उरली नव्हती. ती येथे मिळाली. पॅलेट ‘चेप’ची होती, म्हणजे भंगारातील नव्हती. ती कंपनीकडून वापरापुरती मिळालेली होती आणि नंतर परत करायची होती. त्यामुळे ती कापता येत नव्हती, रंगवता येत नव्हती. रचनाकारांना पॅलेट जसे असते तसेच स्वीकारावे लागले, आणि या मर्यादेतून भिंतींना त्यांचे रूप मिळाले. निळ्या रंगाचा तो एकसुरी, काहीसा बोजड पसारा छायाचित्रांत फार सुंदर दिसतो असे म्हणता येणार नाही. मात्र त्यात एकही फळी आपल्याविषयी खोटे सांगत नाही.

मंडप एप्रिल २०१३ पर्यंतच राहायचा होता. मुदत संपत आली तेव्हा तो आणखी वर्षभर राहावा अशी मागणी झाली. त्यासाठी ८०,००० न्यूझीलंड डॉलरहून अधिक रक्कम लोकवर्गणीतून जमली. ही रक्कम प्रामुख्याने देखभालीसाठी आणि आगीच्या धोक्यामुळे ठेवाव्या लागणाऱ्या चोवीस तासांच्या पहाऱ्यासाठी होती. लाकूड उसने, श्रम स्वयंसेवकांचे, जागा तात्पुरती. तरीही एवढा खर्च आला आणि तो लपवला गेला नाही. पॅलेटच्या वास्तूला स्वस्त म्हणणाऱ्या प्रत्येक लेखाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. त्याच शहरात २०१३ मध्ये शिगेरू बान यांचे पुठ्ठ्याच्या नळ्यांचे कॅथीड्रल पूर्ण झाले. तेही तात्पुरतेच मानले गेले होते, पण ते आज उभे आहे आणि पर्यटकांच्या यादीत आहे. ‘तात्पुरते’ या शब्दाचे असे दोन अर्थ एकाच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर, एकाच वेळी पाहायला मिळाले. पॅलेट पॅव्हिलियनने आपला शब्द पाळला. एप्रिल २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी भिंती उतरवल्या आणि पॅलेट पुरवठादाराकडे परत गेली. तेथून ती नेहमीच्या कामाला लागली असतील. कोणते पॅलेट त्या मंडपाच्या कोणत्या भिंतीत होते, हे सांगणारी खूण त्यांच्यावर नाही.